खड्डा चुकीच्या जागी खणला

गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यावर अफरवटच्या खांद्यावर नेऊन सोडतो, चार हजार मीटरच्या जरासंच खाली. तिथून गस्तीच्या दोरीपलीकडे गेलं की हिमस्खलनाचा अंदाज ज्याचा त्याने घ्यायचा. डीजीआरई या सरकारी संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा मी सकाळी वाचला होता, पण तो अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. म्हणून तर बर्फात खड्डा खणून थर तपासायचे.

त्या हिवाळ्यात बर्फाचं काय घडलं होतं ते मला नीट ठाऊक होतं, हेच जास्त लागतं. नोव्हेंबरात हातभर बर्फ पडला आणि डिसेंबर कोरडा गेला. खाली जमीन शून्याच्या आसपास, वर मोकळं आभाळ आणि कडाक्याची थंडी. बर्फात दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की खालची वाफ वर सरकत राहते आणि कण एकमेकांना धरायचं सोडून टोकदार, पोकळ होत वाढतात. याला डेप्थ होअर म्हणतात. पुढे चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या ऐन थंडीत, यावर मोठा बर्फ पडला, वाऱ्याने तो दाबून त्याची घट्ट लादी केली.

आम्ही तिघे होतो आणि एक काश्मिरी वाटाड्या. मी खड्डा खणला तो धारेच्या लगेच खाली, कारण तिथे जागा जरा सपाट होती, वारा लागत नव्हता आणि मागे दोघे कुडकुडत होते. पायाशी तो थर सापडलाही. मुठीत घेतला तर जाड रव्यासारखा बोटांतून ओघळला. नव्वद सेंटिमीटर रुंद खांब कापला, एका टोकावर फावडं ठेवलं, मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा मारल्या. भेग गेली नाही. मी वहीत बरोबरची खूण केली! ओघळलेला रवा मात्र लिहिला नाही.

भेग जाणार तरी कशी? वाऱ्याने तिथे बर्फ साठवला होता. कमकुवत थरावर दीड मीटरहून जास्त लादी होती. फावड्याच्या थापा तिथवर पोचतच नाहीत. पोचल्या नाहीत म्हणजे थर पक्का, असा सोयीचा अर्थ मी काढला. खरं तर उतरायचं हे गोंडोलातच ठरलं होतं. खड्ड्याकडून मला फक्त होकार हवा होता.

वाटाड्या एवढंच म्हणाला, "पत्थरों के पास मत जाना, साहब." मी मान हलवली. आणि फोटोत खडक छान दिसतील म्हणून त्यांच्याच कडेने उतरलो. खडकाजवळ बर्फ पातळ, म्हणजे तो थर स्कीच्या अगदी खाली. पायाखाली धप्प झालं, उतार बसल्यासारखा वाटला आणि भेग माझ्या डावीकडून वर, जिथे मी गेलोच नव्हतो तिथपर्यंत, पळत गेली. मी खडकाला चिकटलो. खाली उभा असलेला मित्र कमरेपर्यंत गाडला गेला. डोकं वर होतं, म्हणून शोधायला बीकन काढावा लागला नाही. तरी फावड्याने त्याला मोकळं करताना समजलं, थांबलेला बर्फ किती घट्ट बसतो. तो काहीच बोलत नव्हता. वाटाड्याही नाही, आणि ते जास्त झोंबलं.

मित्राचं आता म्हणणं, खड्ड्याचा नाद सोड. ते मला पटत नाही. थर आहे हे खड्ड्यानेच दाखवलं होतं. तो कुठे उथळ होतो हे मी पाहिलं नाही. दर चार पावलांवर प्रोबची काठी खुपसत गेलो असतो तर खोली बदलताना हाताला कळलं असतं. आणि ज्या वर्षी डिसेंबर कोरडा जातो, त्या वर्षी नंतर कितीही बर्फ पडो, मी तीस अंशांच्या आतलेच उतार धरतो, वरच्या बाजूला तीव्र उतार लटकत नाही ना हे बघून. कारण तळातला तो थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. फोटो बेतास बात येतात. वाटाड्या तोच आहे. हल्ली तो पुढे असतो.