उजवा डावा उजवा उजवा

पणज्याची हलगी १९५६ नंतर माळ्यावर गेली ती गेलीच. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मढ्यापुढं वाजवायचं आणि उष्टं घेऊन घरी यायचं, हा धंदा धम्म घेतला तेव्हाच सोडला, असं बाप सांगतो. बरोबरच सांगतो. म्हणून सूतगिरणीतल्या पहिल्या बोनसातून मी जुना ड्रमसेट आणला तेव्हा तो आठ दिवस बोलला नाही. आई म्हणाली, "आरं, ज्याच्यापायी मान खाली गेली त्येच पुन्हा काखंत मारलंस व्हय?"

उत्तर नव्हतं माझ्याजवळ.

वस्तीत ड्रम वाजवता येत नाही. पाळी सुटली की पाटावर ट्यूबचं रबर ठोकून बसतो. उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. धागे सांधून बोटं आधीच सोललेली. त्यात जाझचा ड्रमर म्हणजे नुसता ठोकणारा नव्हे. उजव्या हातानं झांजेवर चाल धरायची, डाव्या पायानं दुसऱ्या-चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटायची, आणि डावा हात मोकळा. त्या मोकळ्या हातानं सोबत्याशी बोलायचं, भांडायचं. १९४० च्या आसपास केनी क्लार्कनं चाल पायातल्या मोठ्या ढोलावरून काढून वरच्या झांजेवर नेली. पाय सुटला. माझे हातपाय अजून एकमेकांना जुमानत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

दोस्तांनो, पँथर हे नाव आपण १९७२ साली तिकडून घेतलं. ड्रम घ्यायचा राहिला. तिकडं १७३९ साली गुलामांनी बंड केलं, ढोल वाजवत चालले. पुढच्याच वर्षी साऊथ कॅरोलिनात कायदा आला, गुलामाच्या हातात ढोल नको. आपल्याला वाजवायची सक्ती, त्यांना बंदी. मालक मात्र दोन्हीकडं चामड्याला भ्यालेला, असं मला वाटतं.

चिक वेब घ्या. क्षयानं मणका मोडलेला, उंचीनं पोराएवढा, नोटेशन वाचता यायचं नाही. १९३७ साली हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये त्यानं बेनी गुडमनच्या नावाजलेल्या बँडला हरवलं. दोन वर्षांत मेला. आणि मॅक्स रोच. १९६० च्या त्याच्या 'वुई इन्सिस्ट' मध्ये गुलामांच्या मुकादमावरचं गाणं आहे, पाच मात्रांचं. ठोका असा येतो की पाठ आक्रसते. मी ते रात्रपाळीनंतर पहिल्यांदा ऐकलं आणि माळ्यावरची हलगी खाली काढली. कातडं फाटलेलं.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका हॉटेलात वाजवायला बोलावणं आलं. नेहमीचा ड्रमर आजारी. तीन तास वाजवलं. दोनदा चाल धावली. सॅक्सोफोनवाल्या म्हाताऱ्यानं नुसतं वळून बघितलं, मी सावरलो. शेवटी मोकळा हात खरंच बोलला, टाळ्या पडल्या. मग मॅनेजर म्हणाला, जेवण मागं, भटारखान्याच्या दाराशी. उभ्यानं. पाहुण्यांचं उरलेलं परातीत काढून ठेवलं होतं. कॉटन क्लबात वाजवणारे काळे आणि ऐकणारे फक्त गोरे, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं.

पैसे मोजून घेतले, पहाटेच्या एस्टीनं घरी आलो.

बाप जागाच होता. नोटांकडं बघितलं नाही.

"जेवायला कुठं बसवलं?"

"डबा नेला होता," मी म्हटलं.