पुराव्यादाखल आम्ही दोघं

दुपार कागद लावण्यात गेली. नवरा न्यू जर्सीत, तिथला नागरिक. मी धरमपेठेत, फरशीवर फतकल मारून. मला तिकडे नेण्यासाठीच्या आय-१३० अर्जाला नुसतं लग्नाचं प्रमाणपत्र पुरत नाही, लग्न खरं आहे हेही पटवावं लागतं: फोटो, तिकिटं, फोनच्या नोंदी. पुढे मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. अमेरिकेत पोचेपर्यंत लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर ग्रीन कार्डही सशर्तच. ही १९८६च्या कायद्याची मेहेरबानी.

खोटी लग्नं होतात, तेव्हा संशय समजतो. पण ठरवून केलेल्या लग्नात आधीच्या भेटीगाठींचे फोटो आणायचे कुठून? आमच्याकडे आहे तो मे महिन्यातला मांडव आणि बंद पडलेला कूलर. नवरदेव मुंडावळ्या वर सारून त्यात डोकावतोय, मी हसू दाबतेय. आई म्हणाली, "हा काय द्यायचा फोटो आहे?" तिने नातेवाइकांच्या रांगेतला काढला. त्यात आम्ही दोघं अनोळखी दिसतो.

आणि परवाचं फोनवरचं भांडण? त्याची सकाळ, माझी रात्र. दोघंही हट्टाला पेटलेले. त्याहून खरं आमच्यात फारसं काही घडलेलं नाही. नोंदीत त्याची नुसती मिनिटं उरलीत. शेवटी दोन्ही फोटो घातले. आईला अजून सांगितलेलं नाही.