नकाशातला ओढा

कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या फाटकावर पिशवी उघडून प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टनं मोजतात आणि अनामत घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. नियम साधा आहे, पण मोजणारा माणूस समोर उभा असतो, म्हणून तो पाळला जातो.

*

पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो. एखादा पोरगा आपल्याच नादात शीळ घालत चाललाय, असं वाटतं. त्याला वाहतं पाणी लागतं, ओले कातळ लागतात, वर झाडांची सावली लागते. अभयारण्य राखायचं म्हणजे हे सगळं एकत्र राखायचं.

*

१९६८ साली अभयारण्य झालं तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं. २००३ मध्ये हद्द वाढून क्षेत्र १२.११ चौरस किलोमीटर झालं. मात्र मधूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. साप, बेडूक, माकडं यांना तो ओलांडावाच लागतो. क्षेत्रफळाच्या आकड्यात ही चीर दिसत नाही.

*

ओहोटीला पनवेलच्या खाडीत तिवरांची श्वासमुळं चिखलातून बोटभर वर आलेली दिसतात. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारतात, चाहूल लागताच चिंबोरी बिळात शिरते. कागदावर ही पडीक दलदल, कोळ्याच्या घरी मात्र रोजचं कालवण इथूनच येतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांभोवती ५० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितला. म्हणजे साठ-सत्तर पावलं. तेवढीही सोडायला आपल्याला न्यायालय लागलं.

*

नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. २०१० च्या पर्यावरण मंजुरीत बऱ्याच अटी होत्या, कांदळवन लागवडीचीही होती. तिवरं पुन्हा लावता येतात, टेकडी नाही. म्हणून जागा ठरते तेव्हाच बोलायला हवं.

*

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात, पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याला ६०. ओढ्यावर एकदा रहिवासी विभागाचा पिवळा रंग चढला की पुढची लढाई वर्षानुवर्षांची. आपल्या गावचा नकाशा उघडा. आपला ओढा, आपलं तळं, आपली तिवरं त्यात शोधा. सापडली नाहीत तर मुदतीच्या आत हरकत लिहून द्या आणि पोच घ्या.