कोन्याचा अलिच

तुर्कस्तानातल्या कोन्याला ऑक्टोबरात गेलात तर मौलाना रूमींच्या मजारीचा हिरवा घुमट पाहून झाल्यावर बाजारातही फिरा. तिथे हातगाड्यांवर पिवळ्या-केशरी फळांच्या माळा टांगलेल्या दिसतील, लांबून तस्बीह वाटाव्यात अशा. फळाचे नाव अलिच. आकार बोराएवढा, गर पिठूळ, चव थोडी सफरचंदाची. आत मात्र एका आठळीऐवजी दोन-तीन टणक बिया. सफरचंद आणि गुलाबाच्याच घराण्यातले हे झाड. त्याच्या एका भाईबंदाला अरबीत जुअरूर म्हणतात. मुसलमानांच्या काळात स्पेनमध्ये हाच शब्द स्पॅनिशात शिरला आणि ‘असेरोला’ झाला. उर्दू शिकवणाऱ्यांना असल्या गोष्टींचा भारी आनंद!

शहराबाहेर आम्ही झाडेही पाहिली. सुमारे हजार मीटर उंचीचे कोरडे पठार, उन्हाळ्यात पाऊस जेमतेम, हिवाळ्यात बर्फ. खडकाळ जमिनीत ही ठेंगणी, काटेरी झाडे उभी होती. काटे आहेत म्हणून शेळ्यांच्या तोंडून वाचतात. वसंत सरताना पांढरी फुले येतात, शरदात फळ. पेरणी बहुतेक पाखरेच करतात. काही शेतकरी बांधावरचे असे झाड तोडत नाहीत, त्यावर नाशपातीचे कलम बांधतात. खाली अलिचची चिवट मुळे, वर नाशपाती.

बियांची गोष्ट तर ऐकण्यासारखी. शाळेत आम्ही मटकी भिजवतो आणि दोन दिवसांत मुलांना मोड दाखवतो. अलिचच्या बीचे कवच दगडासारखे. आधी एक उन्हाळा मातीत पडून ते मऊ व्हायचे, मग एक हिवाळा थंडी खायची, तेव्हा कुठे कोंब. म्हणजे बहुधा दुसऱ्या वसंतात, जवळजवळ 18 महिन्यांनी. फळाला आणखी कितीतरी वर्षे. लावणाऱ्याच्या नशिबी ते असेलच असे नाही. पण झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तरी तो सदका आहे, असे हदीसमध्ये आलेच आहे.

शाळेच्या अंगणासाठी चार बिया आणायचा मोह आम्हाला झाला होता. पण परदेशी बिया परवानगीशिवाय आणता येत नाहीत, आणि आपल्याकडे ती थंडी कुठली? शेवटी अलिचच्या सिरक्याची एक बाटली आणली. तुर्कीतही शब्द जवळपास तोच, सिर्के. कांद्याच्या कचुंबरीवर चमचाभर घालतो. बाटली आता अर्ध्यावर आली आहे.