अकॉर्डियनवर फ्रेस्कोबाल्दी

अकॉर्डियनच्या उजव्या बाजूला एक खटका असतो. तो दाबला की एकेका पट्टीला दोन रीड एकदम बोलतात आणि त्यातली एक मुद्दाम किंचित चढी लावलेली असते. त्या दोन सुरांच्या घासाघाशीतून आवाज लहरू लागतो. पॅरिसच्या नाचघरांतल्या वॉल्ट्झमधून आपल्या ओळखीचा झालेला तो हाच आवाज. प्राचीन संगीत वाजवणारे बरेच जण हा खटका बंद ठेवतात. मी लहानपणापासून पेटी वाजवत आले, त्यामुळे मलाही तेच योग्य वाटे. पेटी सुरात लावणारा कारागीर ही लहर घालवण्यासाठीच तर रीड घासत बसतो!

नोकरीमुळे मी जर्मनीच्या नैऋत्य भागात राहते. जवळच ट्रॉसिंगेन आहे. मातियास होनरने १८५७ मध्ये माउथऑर्गन बनवायला सुरुवात केली ती याच गावात. तिथल्या संगीत महाविद्यालयात अकॉर्डियनही शिकवतात आणि प्राचीन संगीतही. तिथे शिकलेल्या एका वादकाकडे मी अकॉर्डियन शिकायला जाऊ लागले, आणि त्यांनी माझ्यापुढे जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी ठेवला.

फ्रेस्कोबाल्दी रोममध्ये सेंट पीटर्सचा ऑर्गनवादक होता. १६३५ मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या ‘फिओरी म्युझिकाली’ या संग्रहात मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीच्या, वेळी वाजवायच्या रचना आहेत. धर्मगुरू पवित्र भाकर उंचावतो त्या क्षणासाठीच्या तोकाता, म्हणजे मुक्त बांधणीच्या वाद्यरचना, त्यात मला सगळ्यांत प्रिय. संथ लयीत एक सूर तसाच धरून ठेवायचा. खालचे सूर बदलले की तो टोचू लागतो आणि मग एक पायरी उतरून मोकळा होतो. प्रत्येक धागा वेगळा चालत असल्याने डाव्या हाताची तयार स्वरमेळांची बटणं इथे निरुपयोगी ठरतात. एका बटणाला एकच सूर देणारं वाद्य लागतं.

त्या खटक्याबद्दलचं माझं मत बदललं ते कोस्तान्झो अंतेन्याती वाचल्यावर. ब्रेशियाच्या या ऑर्गन बांधणाऱ्याने १६०८ मध्ये कोणते आवाज कशासाठी जुळवावेत ते लिहून ठेवलं. त्यात ‘फिफारो’ आहे: मूळ नळ्यांसोबत किंचित वेगळ्या सुरात लावलेली नळ्यांची दुसरी रांग. दोन्ही एकत्र वाजल्या की आवाज लहरतो. सावकाश आणि सूर जोडून वाजवा, असं तो बजावतो. भाकर उंचावण्याच्या वेळचं संगीत इटलीत याच आवाजावर वाजत असे. शिवाय ही रांग बहुधा फक्त वरच्या सुरांना असायची. अकॉर्डियनवरही लहर असते ती उजव्या हातालाच! नाचघरातली म्हणून जी आम्ही दूर ठेवत होतो, ती चर्चच्या सर्वांत गंभीर क्षणाची निघाली. मी एका कारागिराकडून रीड घासून लहर मंद करून घेतली आणि आता या तोकाता खटका उघडूनच वाजवते.

भात्याबद्दल मात्र माझ्या शिक्षकांचं आणि माझं एकमत नाही. ऑर्गनची हवा एकसारखी असते, म्हणून धरलेला सूर फुगवू नये, असं ते म्हणतात. मी फुगवते. फ्रेस्कोबाल्दीनेच १६१५ च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत वादकांना मॅड्रिगल या गायनप्रकारासारखी लय कधी संथ, कधी जलद ठेवायला सांगितलंय. गाणाऱ्यांचा आदर्श लयीला चालतो, तर श्वासालाही चालावा. टोचणारा सूर भात्याने हळूच वाढवला की त्याचं सुटणं अंगावर येतं.

सलतो तो गंधार. त्या काळच्या इटालियन ऑर्गनांवर तो जवळजवळ शुद्ध लागे. आजच्या समान अंतरांच्या सप्तकात तो सुमारे १४ सेंट (स्वरांतर मोजायचं सूक्ष्म एकक) चढा बोलतो. संथ स्वरमेळात हे लपत नाही. लहर ते थोडंसं झाकते, इतकंच. म्हणून एखादं जुनं वाद्य घेऊन ते पूर्णपणे त्या जुन्या पद्धतीने लावून घ्यायचं मी ठरवलंय. मग त्यावर पुष्कळ कोमल सुरांच्या रचना वाजणार नाहीत. पण फ्रेस्कोबाल्दीसाठी मला ते मान्य आहे.