ज्या नदीने पाचशे ओंडके नेले

दिब्रुगडला विमानातून उतरायचे, ४.९४ किलोमीटर लांबीच्या बोगीबील पुलावरून ब्रह्मपुत्रा ओलांडायची, पासीघाटला मुक्काम करायचा आणि तिथून यिंगकियाँगमार्गे घाटरस्त्याने तूतिंग गाठायचे. सियांग नदीवरच्या राफ्टिंग मोहिमेची सुरुवात अशी मोटारीत, हाडे खिळखिळी करत होते. परतीची वाट मात्र थेट नदीतून. तूतिंग ते पासीघाट हे अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे आणि ते उतरायला आठवडाभर तरी लागतो.

कोलाडच्या कुंडलिकेत वल्हे मारायला शिकलेल्या मराठी माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो पाण्याच्या आकाराचा. कुंडलिकेत भिरा वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटते, त्याच्याबरोबर राफ्टही सुटतात आणि काही तासांत सगळे आटोपते. सियांगला असा नळ नाही. कैलासाच्या बाजूला उगम पावून तिबेटात त्सांगपो या नावाने पूर्वेकडे वाहत आलेली ही नदी ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवा शिखराला वळसा घालते, जगातल्या सर्वांत खोल दर्‍यांपैकी एकीतून दोन हजार मीटरहून अधिक खाली कोसळते आणि मग भारतात शिरते. हिवाळ्यात ती निवळून हिरवी होते, पात्र आक्रसते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच राफ्टिंगचा हंगाम. तरीही निंगुइंगसारख्या रॅपिडमध्ये उठणार्‍या लाटा राफ्टला पुरत्या झाकून टाकतात. नावाड्यांनी ‘पल्सेटिंग पॅलेस’ आणि ‘टूथफेरी’ अशी नावे ठेवलेल्या जागाही याच टप्प्यात येतात.

मोठ्या रॅपिडआधी तुकडी काठाला लागते. मार्गदर्शक खडकांवर चढून पाणी वाचतो: जीभ कुठून सुरू होते, खड्डा कुठे आहे, कोणता प्रवाह कड्यावर आपटतो. मग सगळे पुन्हा राफ्टमध्ये बसतात. सुरक्षेसाठी कायाकवाला पुढे निघतो आणि सामानाची राफ्ट मागून येते. ‘फॉरवर्ड’ असा आवाज आला की वल्ही पडतात. ‘हाय साइड’ म्हटले की सगळ्यांनी उंचावणार्‍या बाजूला अंग झोकायचे. त्या मिनिटभरात विचाराला जागा नसते. पाण्याला थंडी आहे, वेग आहे, आणि चुकलेल्या वल्ह्याची शिक्षा लगेच मिळते.

रॅपिड संपले की नदी संथ होते. दोन्ही काठांवर रानकेळी, वेत, बांबू आणि झाडाएवढे नेचे. अशा संथ पाण्यात किंथुपची गोष्ट सांगायला वेळ मिळतो, आणि सियांगवर ती सांगितलीच पाहिजे.

१८८० च्या सुमारास एक प्रश्न भूगोलतज्ज्ञांना छळत होता. तिबेटातली त्सांगपो आणि आसामातली ब्रह्मपुत्रा ही एकच नदी आहे का? मधल्या दर्‍यांत परक्या माणसाला शिरकाव नव्हता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॅप्टन हार्मनने एका चिनी लामाला आणि सिक्कीमच्या किंथुपला तिबेटात पाठवले. काम असे होते: खुणा केलेले पाचशे ओंडके रोज पन्नास याप्रमाणे त्सांगपोत सोडायचे आणि खाली आसामात हार्मनच्या माणसांनी त्यांच्यावर नजर ठेवायची. लामाने वाटेतच किंथुपला गुलाम म्हणून विकले आणि तो निघून गेला. किंथुप पळाला आणि मारपुंगच्या मठात आश्रयाला गेला. मठाच्या प्रमुखाने त्याला विकत घेऊन पाठलाग करणार्‍यांच्या हातून सोडवले. आता तो मठाचा चाकर झाला. तीर्थयात्रेच्या नावाने रजा मिळवून त्याने ओंडके तोडले, लपवून ठेवले, पुढे ल्हासाला जाऊन ओंडके सोडण्याच्या तारखा कळवणारे पत्र धाडले आणि ठरल्या वेळी पाचशेच्या पाचशे ओंडके नदीत सोडले.

ते कोणीही पाहिले नाहीत. पत्र वेळेवर पोहोचले नव्हते आणि आजारी हार्मन भारत सोडून गेला होता. किंथुप १८८४ मध्ये परतला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून त्याने सगळा वृत्तांत तोंडी सांगितला. लिहून घेताना दोन धबधब्यांची सरमिसळ झाली आणि त्सांगपोवर एक प्रचंड धबधबा असल्याची कल्पना रूढ झाली. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड या अधिकार्‍यांनी त्या दर्‍यांत पायी फिरून पाहिले, तेव्हा किंथुपचे बाकीचे वर्णन किती अचूक होते ते सिद्ध झाले. बेलीच्या प्रयत्नांनी म्हातार्‍या किंथुपला एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. जवळपास तीस वर्षांनी मिळालेला हा मोबदला अगदीच तोकडा होता.

नदीचा इतिहास किंथुपपाशी थांबत नाही. पांगिनला सियोम नदी येऊन मिळते. त्याच भागात कोमसिंग हे आदी जमातीच्या लोकांचे गाव आहे. मार्च १९११ मध्ये ब्रिटिश अधिकारी नोएल विल्यमसन इथे मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला दगड गावात अजून आहे. सूड म्हणून १९११-१२ मध्ये मोठी फौज सियांगच्या खोर्‍यात घुसली. केकर मोन्यिंगच्या कड्यावरून आदी लोकांनी तिच्यावर दगडांचे लोट सोडले, विषारी बाणांचा मारा केला. बंदुकांपुढे ते टिकले नाहीत. विल्यमसनवरच्या हल्ल्याचा म्होरक्या मातमुर जामोह याला अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये पाठवण्यात आले. सावरकर १९११ च्या जुलैतच तिथे पोहोचले होते. महाराष्ट्राला त्या तुरुंगातली एक कोठडी तोंडपाठ आहे. जामोहचे नावही आपल्या पोरांना ठाऊक असायला हवे.

मुक्काम पांढर्‍या वाळूच्या काठांवर पडतो. वर डोंगरउतारावर आदी गावे, भाताची खाचरे, संत्र्यांच्या बागा, मोकळी चरणारी मिथुन गुरे. दोन काठांना झुलते पूल जोडतात. त्यांवरून डोक्याला पट्टा लावलेली टोपली पाठीवर घेऊन बायका सहज जातात. नवख्याचे पाय मात्र लटपटतात. यांतले किती तरी पूल जून २००० मध्ये वाहून गेले होते. त्या एप्रिलमध्ये तिबेटातल्या यिगाँग नदीवर दरड कोसळून प्रचंड तळे साचले होते. ते दहा जूनला फुटले आणि लोंढा सियांगमध्ये उतरला. हजारो माणसे बेघर झाली. त्याआधी १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपाने हे सगळे खोरे हादरवले होते. ही जमीन अजून स्थिरावलेली नाही.

अशा जमिनीवर आता धरणांच्या योजना आहेत. चीनने जुलै २०२५ मध्ये नदीच्या त्या मोठ्या वळणावर महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. भारताच्या बाजूला सुमारे ११,००० मेगावॉटच्या ‘सियांग अपर’ प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. वरून अचानक पाणी आले तर ते अडवायला साठा हवा, असा सरकारचा युक्तिवाद आहे आणि यिगाँगचा लोंढा आठवला तर तो उडवून लावता येत नाही. पण ज्यांची शेते आणि गावे त्या साठ्याखाली जातील, त्या आदी लोकांतल्या अनेकांचा विरोध आहे. सर्वेक्षणाला संरक्षण देण्यासाठी २०२५ मध्ये निमलष्करी दल आणले गेले, तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. नदीकाठच्या माणसांची संमती बंदुकीच्या सावलीत मिळत नसते. धरण झाले तर तूतिंगखालच्या या धावत्या नदीच्या मोठ्या भागात साचलेले पाणी उभे राहील.

सियांगला जायचे असेल तर इनर लाइन परमिट आधीच काढावे आणि पट्टीचे पोहता येत असले तरी अनुभवी मार्गदर्शकाशिवाय पाण्यात उतरू नये. आणि एक विनंती: सगळे दिवस नदीतच घालवू नका. वाटेत राफ्ट काठाला लावा, झुलता पूल ओलांडून कोमसिंगला चढा आणि या नदीचे पुढे काय व्हावे असे त्यांना वाटते, ते तिथल्या माणसांना विचारा.