क्रेटॉस, गणपती आणि माझं लाल पेन



मागच्या वर्षी सातवीला ‘मला आवडलेली पुराणकथा’ हा निबंध दिला होता. वरवे बुद्रुकची आमची मुलं. बहुतेकांनी ध्रुव, प्रल्हाद, श्रावणबाळ लिहिले. एकाने मात्र लिहिलं, “क्रेटॉस हा झ्यूसचा मुलगा. शेवटी त्याने झ्यूसला मारलं.” मोबाइलवर ‘गॉड ऑफ वॉर’ या गेमचे व्हिडिओ बघून त्याने हे लिहिलं होतं. मी लाल पेनाने रेघ मारली आणि बाजूला शेरा दिला, “हे पुराण नाही, गेम आहे.” दहापैकी तीन गुण.

पोरगं काही बोललं नाही. पण नंतर ते वर्गात हात वर करेना. तेव्हा मला टोचलं. मी स्वतः तरी ग्रीक पुराण कुठे वाचलं होतं?

वाचायला बसले. एस्किलसच्या नावावर असलेल्या प्रोमिथिअसच्या नाटकात क्रेटॉस भेटला. तिथे तो झ्यूसचा मुलगा नाही, हुकमाचा ताबेदार आहे. माणसांना अग्नी देणाऱ्या प्रोमिथिअसला तो खडकाला जखडायला लावतो. गेमवाल्यांनी त्या ताबेदाराचा बंडखोर केला. म्हणजे माझा शेरा बरोबर? तसंही नाही. आपण वर्गात सांगतो ती अकिलिसच्या टाचेची गोष्ट होमरच्या ‘इलियड’मध्ये नाहीच. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवल्याचं आपल्याला सापडतं ते कितीतरी शतकांनंतरच्या स्टेशिअस या लॅटिन कवीकडे. लाकडी घोडासुद्धा ‘इलियड’मध्ये नाही, तो ‘ओडिसी’त येतो. गोष्ट बदलायची सवय गेमवाल्यांच्या फार आधीची आहे.

आणि ग्रीकांपर्यंत तरी कशाला जायचं? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ एवढी वर्षं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या पोथ्या गोळा केल्या, ओळीला ओळ लावून तपासल्या. व्यास सांगतात आणि गणपती लिहितो, ही आपली लाडकी गोष्ट त्यांनी मुख्य मजकुरात ठेवली नाही, परिशिष्टात छापली. का, तर जुन्या पाठात ती होती असं पोथ्यांवरून दिसत नव्हतं.

हे मी वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे आजोबा शाळेत हजर!

“बाई, गणपतीची गोष्ट खोटी हाय असं शिकवता व्हय पोरांना?”

पोटात गोळाच आला. म्हटलं, “आजोबा, खोटी नाही म्हटलं. मागाहून आलेली आहे. त्यांनी ती फेकून दिली नाही, मागे जपून छापली.”

आजोबा जरा थांबले. म्हणाले, “आमचं कीर्तनकार बुवा तर अजून येगळीच सांगत्यात.” मग ती गोष्टही सांगून गेले. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं नाही. पण मला धड्याची वाट सापडली.

पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी एक पोरगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते आणि दुर्गा तिच्या पाठीशी असते. ही राजी कुठल्याच पुराणात नाही. पण देवीकडून बळ घेऊन लढणारी बाई आपल्याला अनोळखी आहे का?

तिकडे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये अभिजात विद्येच्या पदवीसाठी ग्रीक-लॅटिनची सक्ती काढली, आणि बराच वाद झाला. मला दोन्ही बाजू पटतात. दार उघडं हवंच. आमचा पोरगा गेमच्या दारातूनच आत आला ना! पण सगळेच दारात थांबले, तर पोथ्या वाचणार कोण? संस्कृत आणि जुन्या लिप्या जाणणारी माणसं नसती, तर भांडारकरचं काम झालंच नसतं.

मग मी निबंध पुन्हा दिला, या वेळी तीन प्रश्नांसह: ही गोष्ट तुला कोणी सांगितली? त्याआधी ती कशी होती? सांगणाऱ्याने काय बदललं आणि का? एकीने आजीच्या ओवीतली सीता आणली, एकाने वाई म्हणजेच विराटनगरी असं मामाकडून ऐकलेलं लिहिलं. आणि आमच्या त्या मुलाने लिहिलं, “क्रेटॉस आधी झ्यूसचा नोकर होता. गेममध्ये नोकराला हिरो केला, कारण नोकर चिडला की खेळायला मजा येते.”

त्याच्या जुन्या वहीतला माझा शेरा मी त्याच्यासमोर खोडला, त्याच लाल पेनाने. तो हसला. पुढच्या तासाला हात वर होता.

पालकहो, स्क्रीनच्या वेळेला मर्यादा घालाच, त्यात दुमत नाही. पण मोबाइल काढून घेण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, “ही गोष्ट काय आहे रे?” आणि शिक्षक मित्रहो, हे तीन प्रश्न तुमच्या वर्गात विचारून बघा. मुलांनी काय काय आणलं ते मला जरूर कळवा.